परळच्या खोलीतील कागद आणि पेटीची किल्ली

परळची आपली खोली आपणांस नवी नाही. गावची माणसे गिरणीत होती तेव्हा ती गावकरी मंडळाची खोली होती. भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशव्या, कोपऱ्यात ज्याची त्याची ट्रंक आणि पाळीप्रमाणे अंथरूण. गिरण्या गेल्या, खुंट्या राहिल्या. आज त्या खोलीत कामावर जाणारी माणसे थोडी आणि टाटाला, केईएमला किंवा वाडियाला पेशंट घेऊन आलेली माणसे जास्त, अशी स्थिती आहे. खोलीची देखभाल कारखान्याच्या कल्याण निधीतून होते. सभासदांचे वैद्यकीय मदतीचे अर्ज, रिपोर्ट, खर्चाची अंदाजपत्रके यांची ये-जा खोली आणि कारखाना कार्यस्थळ यांमध्ये बारा महिने चालू असते.

ही ये-जा आता टपालाने होत नाही. मोबाइलवर फोटो काढला, पाठवला, झाले. पण पाठवलेला कागद पुढे राहतो कुठे, आणि सहा महिन्यांनी तो कोण काढून देणार, याचा विचार आपण आजवर केला नव्हता.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक छोटा विषय आहे. परळची खोली आणि वैद्यकीय मदत कक्ष यांचे कागद जतन करण्यासाठी संगणकाची स्वतःची व्यवस्था उभारावी, असा तो विषय. खर्च मोठा नाही. पण गट ऑफिसांमध्ये चर्चा मात्र चांगलीच रंगली. कारण अशा व्यवस्था एक नाही, तीन-चार आहेत. नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउड, सीफाइल ही त्यांतली मुख्य नावे. तिन्ही विनामूल्य मिळतात, तिन्ही वरवर पाहता तेच काम करतात. तेव्हा, "सारखीच हायेत न्हवं? मग चिठ्ठी टाका आन् मोकळं व्हा," असे एका जुन्या सभासदांनी सुचवले.

आम्ही चिठ्ठी टाकण्याच्या विरुद्ध आहोत. का, ते सांगण्यासाठी हा लेख. हे मत आमचे, म्हणजे हे पत्रक काढणाऱ्यांचे आहे. संचालक मंडळाचा तो ठराव नव्हे, हे आधीच नमूद करतो.

आठ दिवसांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एक सभासद आपल्या मंडळींना घेऊन परळला आले. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झालेली होती. तिकडचे रिपोर्ट, रेशन कार्ड, मदत मंजुरीचे पत्र हे सगळे खोलीतल्या एका मुलाने मागच्या खेपेलाच स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागदांची पिशवी प्रवासात भिजली होती, म्हणून स्कॅन काढायला गेले, तर ते निघेनात.

घडले होते असे. तो मुलगा हुशार आणि मनमिळाऊ. सगळ्यांचे कागद तो स्वतःच्या नावच्या खात्यात, एका कंपनीच्या फुकट मिळणाऱ्या जागेत ठेवत असे. पुढे त्याला परगावी नोकरी लागली, मोबाइलचा नंबर बदलला. खाते उघडायला जो आकडा येतो तो जुन्या नंबरवर जाऊ लागला. खाते बंद पडले. कंपनीला अर्ज केला, त्याला उत्तर आले ते यंत्राने लिहिलेले.

मुलाला दोष द्यायचा नाही. दोन वर्षे त्याने एक पैसा न घेता लोकांची कामे केली. दोष आपला. खोली मंडळाची, निधी कारखान्याचा, आजारी माणूस सभासदाच्या घरचा, आणि सगळ्यांच्या कागदांची किल्ली मात्र एका पोराच्या खिशात! गावाकडे दोन हेलपाटे घालून कागद पुन्हा गोळा झाले. त्यात आठ दिवस गेले. आठ दिवस म्हणजे आपल्या हिशेबी उसाची एक पाणीपाळी. टाटाच्या ओपीडीत नंबर लावून बसलेल्या बाईच्या हिशेबी ते काय असतात, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही.

कागद ज्याच्या घरी

परळमध्ये राहून ही गोष्ट आपल्याला शिकायला लागावी, याचेच नवल. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडील किंवा चुलते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि नंतर काय झाले, ते घराघरांत ठाऊक आहे. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले. म्हाडाने २०१२ साली पहिली सोडत काढली. तेव्हा प्रत्येकाला विचारले गेले, की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या हजेरीपटावर होता, याला पुरावा काय?

ज्यांच्या ट्रंकेच्या तळाशी गिरणीचे तिकीट, ईएसआयचे कार्ड, फंडाची पावती, एखादे पगारपत्रक निघाले, ते पुढे सरकले. "समदं मालकाच्या दप्तरात हाय की," असे म्हणून जे निर्धास्त राहिले, त्यांना त्या दप्तराच्या शोधात हिंडावे लागले. गिरणी बंद, दप्तर कुठे गेले कोणास ठाऊक. तीस वर्षे मशीनवर उभे राहिलेल्या माणसाला आपण तेथे होतो, हे शाबीत करावे लागले.

तात्पर्य काय, की कागद आपला असून भागत नाही. तो हवा तेव्हा आपल्या हाताने काढता आला पाहिजे. संगणकाच्या काळातही हे बदललेले नाही.

भाड्याचे गोदाम आणि घरची कणगी

आता ही व्यवस्था म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात. फोनवरून किंवा संगणकावरून आपण जे "क्लाउड"वर ठेवतो, ते काही आभाळात जात नाही. ते कोणाच्या तरी मशीनवर जाते. म्हणजे ते भाड्याचे गोदाम झाले. गोदाम पक्के असेल, पहारा चांगला असेल, पण नियम मालकाचे. भाडे वाढले, खाते बंद केले, तरी आपण फक्त विनंती करायची.

दुसरा मार्ग म्हणजे घरची कणगी. आपल्याच जागेत एक मशीन ठेवायचे आणि त्यावर असा प्रोग्राम बसवायचा, की परळहून टाकलेला कागद कार्यस्थळावर दिसावा, आणि ज्याला दाखवायचा त्यालाच दिसावा. नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउड आणि सीफाइल हे असे प्रोग्राम आहेत. ते "ओपन सोर्स", म्हणजे मुक्त स्रोत आहेत.

मुक्त स्रोत म्हणजे काय, हे ऊसवाल्याला समजावणे सोपे आहे. संकरित मक्याचे बी दरवर्षी दुकानातून विकत घ्यावे लागते, घरचे धरले तर ते पहिल्यासारखे उगवत नाही. उसाचे तसे नाही. चांगल्या प्लॉटचे बेणे तोडले, लावले, उरलेले शेजाऱ्याला दिले, की तोच वाण त्याच्याही रानात. को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या पैदासीचा, पण आज तो आपल्या शिवारात आपण आपल्या बेण्याने वाढवतो. मुक्त स्रोताचा प्रोग्राम तसाच. तो कसा केला आहे हे उघडे असते. कोणीही तो घ्यावा, लावावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. तो करणारी कंपनी उद्या बुडाली तरी आपल्या मशीनवरचे बेणे कोणी उपटून नेऊ शकत नाही.

पण बेणे फुकट मिळाले म्हणून ऊस फुकट पिकत नाही. नांगरट, पाणी, खुरपणी आपलीच. तसेच येथे मशीन, वीज, बॅटरी, इंटरनेट आणि मुख्य म्हणजे सांभाळणारा माणूस, हा खर्च आपला. जो "सगळं फुकटात होतंय" असे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तीन बेणी

या तिघांचे कूळ पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतात.

ओनक्लाउड हे जुने. २०१० साली फ्रँक कार्लिचेक या जर्मन गृहस्थांनी त्याची सुरुवात केली. पुढे त्याची कंपनी झाली, भांडवल आले, आणि संस्थेत जे होते ते तेथेही झाले. काम करणाऱ्यांचे आणि कारभार पाहणाऱ्यांचे पटेना. २०१६ साली कार्लिचेक आणि बरोबरचे काही कारागीर बाहेर पडले. त्यांनी जूनमध्ये त्याच बेण्यावर नवी लागण केली, ती नेक्स्टक्लाउड. एखाद्या खाजगी कारखान्यातून चीफ केमिस्ट आणि इंजिनिअर बाहेर पडले, तर त्यांना नकाशे बरोबर नेता येत नाहीत. येथे नेता आले, कारण नकाशे मुळातच सगळ्यांचे होते. म्हणूनच ही दोन इतकी सारखी दिसतात. ती भाऊबंद आहेत.

ओनक्लाउडने नंतर आपले घर पाडून नव्या पद्धतीने बांधले. ही नवी आवृत्ती चपळ आहे, तिला वेगळा डेटाबेस लागत नाही. २०२३ साली ओनक्लाउड ही कंपनी काइटवर्क्स या अमेरिकी कंपनीने घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या जुन्या आवृत्तीच्या एका जोडभागात गंभीर भगदाड असल्याचे जाहीर झाले. मशीनच्या मुख्य किल्ल्या परक्याच्या हाती लागू शकतील, असे ते होते. दुरुस्ती आली, पण ज्यांनी ती वेळेवर बसवली नाही ते उघड्यावर राहिले. पुढे २०२५ च्या सुरुवातीला याही नव्या घरातून एक फांदी फुटली, ती ओपनक्लाउड. ती अजून लहान आहे.

सीफाइल वेगळ्या कुळातले, चीनमधल्या मंडळींनी केलेले. त्याचे काम एकच, फायली साठवणे आणि पोहोचवणे. ते हे काम फार वेगाने करते. फाईल जशीच्या तशी न ठेवता तिचे तुकडे करून ठेवते, त्यामुळे मोठ्या फायलीत थोडा बदल झाला तर तेवढाच तुकडा पाठवते.

नेक्स्टक्लाउडचा पसारा मोठा. फायलींबरोबर कॅलेंडर, बैठका, पत्रव्यवहार, काय म्हणाल ते त्यात जोडता येते. वापरणारे पुष्कळ, म्हणून अडले तर सांगणारेही पुष्कळ. जर्मनीच्या केंद्र सरकारने २०१८ साली आपल्या कचेऱ्यांसाठी ते निवडले. पण त्याला मशीनही दमदार लागते आणि निगाही जास्त. त्याची नवी मोठी आवृत्ती वर्षातून दोन-तीनदा येते, जुनीला साधारण वर्षभरच दुरुस्त्या मिळतात, आणि आवृत्ती बदलताना मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही. दोन वर्षे कोणी हात लावला नाही, तर मग एकेक पायरी चढत बसावे लागते.

परळचा प्रयोग

ऐकीव माहितीवर मत देऊ नये, म्हणून दिवाळीनंतर आम्ही परळच्या खोलीवर एक प्रयोग केला. संगणकाचे शिक्षण घेतलेले सभासदांचे दोन चिरंजीव तेथे आहेत. एका जुन्या मशीनवर लिनक्स घालून त्यांनी तिन्ही व्यवस्था पाळीपाळीने मांडल्या. खोलीत त्या वेळी जे होते, त्यांच्या संमतीने त्यांचेच कागद टाकून पाहिले.

रोजच्या वापरात तिन्ही पास. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मोबाइलवरून कागद टाकला, तो कार्यस्थळावर दिसला. वेगात सीफाइल पहिले, यात वाद नाही. जुन्या मशीनवर नेक्स्टक्लाउड धापा टाकत होते. एवढ्यावर निकाल लावला असता तर सीफाइलला मत पडले असते.

पण आम्ही आणखी एक परीक्षा घेतली. त्या दोन्ही चिरंजीवांना चहाला बाहेर पाठवले. मशीन बंद केले. आतली डिस्क काढून कार्यस्थळावरून आलेल्या शेतकी खात्याच्या एका लिपिकाच्या संगणकाला जोडली. फक्त ती वाचता येईल एवढी सोय आधी करून ठेवली होती. या लिपिकाने आयुष्यात असला प्रोग्राम पाहिला नव्हता. त्याला म्हटले, "असं समजा, मांडणारी पोरं परदेशी गेली. मशीन जळालं. डिस्क तेवढी वाचली. यातून अमुक पेशंटचा मार्चचा रिपोर्ट काढून द्या."

नेक्स्टक्लाउडच्या डिस्कवर त्याला थोडी शोधाशोध करावी लागली, पण खातेदाराच्या नावाचे फोल्डर सापडले. त्यात पेशंटच्या नावाचे फोल्डर, त्यात रिपोर्ट. ज्या नावाने ठेवला त्याच नावाने. पाच-सात मिनिटांत काम झाले. सीफाइलच्या डिस्कवर त्याला लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावांचे हजारो तुकडे दिसले. त्याने हात जोडले. नव्या ओनक्लाउडच्या डिस्कवरही, आम्ही मांडले होते त्या पद्धतीत, फायलींची नावे सरळ दिसली नाहीत.

येथे कोणावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. सीफाइलच्या तुकड्यांतून फायली परत जुळवण्याची हत्यारे त्याच्यासोबतच मिळतात आणि ती चालतात. चिरंजीव चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी त्या काढूनही दाखवल्या. ओपनक्लाउडवाल्यांनीही फायली साध्या फोल्डरांत ठेवण्याची सोय केली आहे. पण परीक्षा हत्याराची नव्हतीच. ते हत्यार चालवणारा माणूस नसेल त्या दिवसाची होती.

आमचे मत

म्हणून आमचे मत असे, की आपण नेक्स्टक्लाउड घ्यावे. ते सगळ्यांत चपळ आहे म्हणून नव्हे, आणि जर्मन सरकारने घेतले म्हणूनही नव्हे. काळ्या रानात जो वाण जोरात येतो तोच क्षारपड जमिनीत घेऊन चालत नाही, तेथे फुले २६५ सारखा तग धरणारा वाण पाहावा लागतो. आपली जमीन कोणती? आपल्याकडे पगारी संगणकतज्ज्ञ नाही. मुले आज आहेत, उद्या नोकरीला जातील, आणि जावीतच. अशा जमिनीत ज्याची पेटी फोडली तरी आतले कागद साध्या माणसाला ओळखता येतात, तेच बेणे लावावे. सीफाइलचा वेग आपल्याला तितकासा उपयोगाचाही नाही. बदललेला तुकडा तेवढा पाठवणे हा त्याचा गुण, पण रिपोर्ट एकदा स्कॅन झाला की तो बदलत नाही.

मात्र या मताला अटी आहेत. त्या पाळायच्या नसतील तर विषय सभेपुढे न आणलेला बरा.

पहिली अट : नेक्स्टक्लाउडमधले फक्त फायलींचे काम सुरू ठेवावे. बाकीचा पसारा बंद. जितकी दारे कमी तितका पहारा सोपा.

दुसरी अट : किल्ल्या दोन माणसांकडे, एक परळला, एक कार्यस्थळावर. त्या लखोट्यात घालून, सील करून, कारखान्याच्या तिजोरीत ठेवाव्यात. खाती मंडळाच्या आणि कक्षाच्या नावाने असावीत, व्यक्तीच्या नावाने एकही नको.

तिसरी अट : प्रती तीन. मुख्य मशीन कार्यस्थळावर, दुसरी प्रत परळला, तिसरी वेगळ्या डिस्कवर बँकेच्या लॉकरमध्ये, दर महिन्याला बदलून. एका ठिकाणी भरवसा ठेवू नये. आपल्या नदीकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. परळकडे हिंदमाताला पाणी भरते, हे तर दर पावसाळ्याचे. २००५ च्या पावसाळ्यात दोन्हीकडे पाणी होते, हे विसरू नका. म्हणून दोन्ही मशिने वरच्या मजल्यावर. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकत नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीच्या संगणक-गोदामाला आग लागली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा कित्येकांचे काम कायमचे गेले.

चौथी अट : गळीत हंगाम संपल्यावर आपण मिल खोलतो, टर्बाइन तपासतो. तशी दरवर्षी ऑफ सीझनमध्ये या मशीनचीही तपासणी व्हावी. आवृत्त्यांच्या दुरुस्त्या मात्र ऑफ सीझनची वाट न बघता आल्या की बसवाव्यात. तपासणीत एक गोष्ट हमखास करावी : प्रतीवरून कागद परत काढून दाखवणे. परत काढून पाहिली नाही ती प्रत, प्रत नव्हे.

पाचवी अट सर्वांत नाजूक. हे कागद आजाराचे आहेत. कोणाच्या घरी कोणता आजार आहे, हे गावभर होऊ नये, असे प्रत्येकाला वाटते. मुलीचे लग्न ठरायचे असते, भावकीत वाटणी चाललेली असते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झालेला आहे. म्हणून पेशंटची लेखी संमती घ्यावी. ज्याचे फोल्डर त्याला आणि कक्षाच्या एका नेमलेल्या माणसालाच ते दिसावे. बाहेर दाखवायची लिंक पासवर्डाची आणि मुदतीची असावी, आणि पेशंटने सांगितले की कागद पुसून टाकावेत. तीनही प्रतींतून.

आणि सहावी : मूळ कागद टाकून देऊ नयेत. गावाकडच्या तपासणीची काचेची स्लाइड आणि ब्लॉक टाटात मागतात, ती काही संगणकात ठेवता येत नाही. ती पिशवी जपावीच लागेल.

काही शंका

"साखर करायची सोडून कारखान्याने हे उद्योग कशाला करावेत?" असे एका संचालकांनी आम्हांस खाजगीत विचारले. त्यांना आमचे म्हणणे एवढेच, की १९५० साली प्रवरेला सहकारी कारखान्याचे बॉयलर पेटले तेव्हाही, शेतकऱ्याने ऊस पिकवावा, साखर करणे त्याचे काम नव्हे, असे म्हणणारे होतेच. आपल्या मालाचा काटा आपल्या हातात असावा, म्हणून सहकार. कागदाचेही तेच.

दुसरी शंका जास्त वजनाची आहे. भाड्याची गोदामे आपल्या खोलीतल्या मशीनपेक्षा कमी बंद पडतात. हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारत नाही. घरगुती इंटरनेटला कायमचा पत्ता बहुधा नसतो, तो वेगळा घ्यावा लागेल किंवा दोन्ही मशिनांमध्ये व्हीपीएनचा खाजगी रस्ता टाकावा लागेल. वीज जाईल, पंखा बिघडेल. स्वतःचे आहे म्हणून ते आपोआप चांगले चालेल, हा भ्रम सहकारात आपण पुष्कळ ठिकाणी पाहिला आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : दोन जबाबदार माणसे नेमता येत नसतील, त्यांना मानधन द्यायची तयारी नसेल, तर सरळ पैसे भरून भाड्याची जागा घ्यावी. ती मंडळाच्या नावाने घ्यावी आणि दर महिन्याला त्याची प्रत आपल्या डिस्कवर उतरवावी. त्यात कमीपणा नाही. वाईट आहे ती तिसरी स्थिती, मशीन आणायचे, सभेत हार घालायचा, पत्रकात फोटो छापायचा, आणि वर्षभराने कोणाला पासवर्ड आठवू नये.

मांडणारी मुले आपलीच आहेत. त्यांना शाबासकी द्यावीच, पण त्यांच्या जिवावर व्यवस्था ठेवू नये. पहिल्या मुलाच्या बाबतीत आपण हीच चूक केली.

सभेला येताना

सभासद बंधू-भगिनींनो, सभेत हा विषय शेवटी येईल आणि जेवणाची वेळ झालेली असेल. "मंजूर, मंजूर" म्हणून उठू नका. एकच प्रश्न विचारा : हे मांडणारा माणूस उद्या नसेल, तर माझ्या घरच्या पेशंटचा कागद मला कोण काढून देईल, आणि कसा? ज्या व्यवस्थेचे उत्तर दोन वाक्यांत मिळेल ती घ्यावी. मग तिचे नाव नेक्स्टक्लाउड असो की आणखी काही, आमचा आग्रह नावाचा नाही.

ज्या बाईचे आठ दिवस गेले, त्यांचे उपचार आता चालू आहेत. त्यांचे मालक परवा परळहून आले होते. त्यांनी प्रयोगाची हकीकत ऐकली, नेक्स्टक्लाउड-सीफाइल काही विचारले नाही. म्हणाले, "डबा कंचाबी घ्या. पर झाकण उघडाया दोगं तरी जवळ ठेवा."

आपल्या सूचना सभेपूर्वी आपल्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात, ही विनंती. विरुद्ध मत असेल तर तेही पुढच्या अंकात छापू.